बाटलीवरच्या आजीबाई : लिडिया पिंकहॅम

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ज्या स्त्रियांचे चेहरे घरोघर ओळखले जात, त्यांत एक चेहरा मॅसॅच्युसेट्स राज्यातील लिन या गावच्या एका प्रौढ गृहिणीचा होता. केस नीटनेटके बसवलेले, पोशाख साधा पण टापटिपीचा, नजर शांत आणि ओठांवर अगदी पुसट हसू. गावोगावच्या लहान वर्तमानपत्रांकडे स्त्रीच्या चित्राचा दुसरा ठसाच नसे. तेव्हा व्हिक्टोरिया राणीविषयीच्या मजकुरावरही याच बाईंचा ठसा उमटवून संपादक मोकळे होत, असे सांगतात. या बाईंचे नाव लिडिया पिंकहॅम. स्त्रियांच्या पाळीच्या, गर्भाशयाच्या आणि पाळी जातानाच्या तक्रारींवर त्यांनी वनस्पतींचा एक काढा तयार केला आणि त्याच्या बाटलीवर हा चेहरा छापला.

‘आजीबाईचा बटवा’ हा शब्द आपण मराठीत मोठ्या मायेने वापरतो. बटव्यातील औषध फुकट असते आणि ते देणारी बाई आपल्याला ओळखत असते. तोच बटवा बाजारात गेला म्हणजे त्या मायेचे काय होते, हे पाहायचे असेल तर लिडियाबाईंच्या चरित्रासारखे दुसरे चरित्र मला तरी ठाऊक नाही.

त्यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८१९ रोजी एस्टेस घराण्यात झाला. बारा भावंडांत त्या दहाव्या. घराणे क्वेकर पंथाचे आणि गुलामगिरीचे कडवे विरोधक. पंथातील मंडळी या प्रश्नावर पुरेशी ठाम राहत नाहीत असे दिसताच या कुटुंबाने पंथाशीच फारकत घेतली. गुलामीतून निसटून आलेले आणि पुढे थोर वक्ते म्हणून गाजलेले फ्रेडरिक डग्लस काही वर्षे लिनमध्ये राहत होते आणि एस्टेस मंडळींशी त्यांचा स्नेह होता. लिडिया सोळाव्या वर्षीच गावातील स्त्रियांच्या गुलामगिरीविरोधी संस्थेच्या सभासद झाल्या. पुढे त्यांनी शिक्षिकेचे काम केले. दारूबंदी, स्त्रियांचे हक्क, आहारसुधारणा, अध्यात्मवाद, मस्तकावरून स्वभाव सांगण्याचे शास्त्र, त्या काळी जे जे म्हणून सुधारणेच्या नावाने वाहत होते, त्या बहुतेक प्रवाहांत त्यांनी हात बुडवून पाहिले. त्यांतले काही खरे ठरले, काही निव्वळ भाबडे. पण प्रस्थापितांनी सांगितले म्हणून एखादी गोष्ट मानायची नाही, ही सवय त्यांना तेव्हाच लागली असावी.

१८४३ मध्ये आयझॅक पिंकहॅम या विधुराशी त्यांचा विवाह झाला. त्याला पहिल्या पत्नीची एक मुलगी होती. लिडियाबाईंना पाच मुले झाली, त्यांपैकी एक तान्हेपणीच गेले. आयझॅकराव स्वभावाने गोड, पण पैशाच्या बाबतीत स्वप्नाळू. जोडे तयार करण्याचा धंदा, शेती, जमिनींची खरेदी-विक्री, एकात जम बसतो न बसतो तोच दुसरे. संसार तीस वर्षे असा वरखाली होत राहिला.

या तीस वर्षांत लिडियाबाई एक वही बाळगून होत्या. तिच्यात निरनिराळ्या दुखण्यांवरचे उपाय त्या लिहून ठेवीत. जोडीला जॉन किंग या वैद्याचा वनौषधींचा जाडजूड ग्रंथ होता. हे किंग ज्या पंथाचे होते, तो पारा आणि रक्तस्राव यांवर भिस्त ठेवणाऱ्या डॉक्टरीला विरोध करणारा आणि अमेरिकेतील मूळ रहिवाशांकडून शिकलेल्या मुळ्यापाल्यांवर विश्वास ठेवणारा. शेजारणीपाजारणी लिडियाबाईंकडे येत, कंबर दुखते, अंगावरून फार जाते, अंग बाहेर येते असे हळू आवाजात सांगत आणि काढ्याची बाटली घेऊन जात. पैशाचा प्रश्नच नसे.

या बायका डॉक्टरकडे का जात नव्हत्या? आज हा प्रश्न सोपा वाटतो, त्या वेळी तो तसा नव्हता. स्त्रीरोगांच्या शस्त्रक्रियेचे जनक म्हणून ज्यांचे पुतळे उभारले गेले त्या मॅरियन सिम्स यांनी १८४५ ते १८४९ या काळात अलाबामा राज्यात गुलाम स्त्रियांवर भूल न देता पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया करून आपले तंत्र बसवले. अनार्का, बेट्सी आणि ल्युसी ही त्यांच्यापैकी तिघींची नावे. ती आता कुठे मानाने घेतली जाऊ लागली आहेत. १८७२ मध्ये जॉर्जियातील रॉबर्ट बॅटी यांनी पाळीच्या वेदनांवर आणि चित्तविकारांवर उपाय म्हणून स्त्रियांचे बीजकोश काढून टाकण्यास आरंभ केला, आणि ते बीजकोश रोगग्रस्त असलेच पाहिजेत असा काही दंडक नव्हता. याखेरीज जळवा लावणे आणि पाऱ्याची औषधे होतीच. स्त्री डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. एलिझाबेथ ब्लॅकवेल यांना पदवी मिळाली १८४९ मध्ये आणि फिलाडेल्फियाचे स्त्रियांचे वैद्यक महाविद्यालय निघाले १८५० मध्ये. अशा स्थितीत शेजारच्या बाईचा काढा बरा, असे कोणाला वाटले तर त्या स्त्रीला अडाणी म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

काढ्याच्या कृतीबद्दल एक कथा प्रचलित आहे. जॉर्ज टॉड नावाच्या कारागिराने आयझॅकरावांचे देणे रोख फेडता न आल्याने त्याऐवजी हा नुसखा दिला म्हणे. खरे काहीही असो, घटक किंग यांच्या ग्रंथातही सापडतात. युनिकॉर्न रूट, लाइफ रूट, ब्लॅक कोहॉश आणि प्लुरिसी रूट या चार अमेरिकन वनस्पतींची मुळे, आणि पाचवे काय असावे? मेथीचे दाणे! बाळंतिणीच्या खोलीत ज्या मेथीचे लाडू आपण डब्यात भरून ठेवतो, तीच मेथी अटलांटिकपलीकडच्या त्या तळघरातही शिजत होती. हे प्रथम वाचले तेव्हा मला त्या बाई एकाएकी नात्यातल्या वाटू लागल्या.

१८७३ मध्ये अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली. आयझॅकरावांच्या जमिनींचे मोल मातीइतके झाले. कर्ज अंगावर आले आणि त्यांची प्रकृतीही खचली. घरात चार मिळवती होऊ पाहणारी मुले आणि पुढे काय हा प्रश्न. सेलम गावाहून काही स्त्रिया गाडी करून आल्या आणि त्यांनी आपण होऊन पाच डॉलर देऊन सहा बाटल्या नेल्या, तेव्हा मुलगा डॅन याला सुचले की आई जे फुकट वाटते ते विकता येईल. १८७५ मध्ये धंदा सुरू झाला. बापाच्या धनकोंनी हात घालू नये म्हणून तो विल या दुसऱ्या मुलाच्या नावावर ठेवला. लिडियाबाई तेव्हा ५६ वर्षांच्या होत्या.

या घरगुती कारखान्याचे चित्र मोठे मनोवेधक आहे. आई चुलीवर मुळ्या उकळते, गाळते, मद्यार्क मिसळून बाटल्या भरते आणि रात्री जाहिरातीचा मजकूर लिहिते. थोरला चार्ल्स घोड्यांच्या ट्रामवर कंडक्टर, मुलगी ॲरोलीन शिक्षिका. दोघेही पगार आणून आईच्या हाती देत. म्हातारे आयझॅकराव झुलत्या खुर्चीत बसून पत्रकांच्या घड्या घालीत. बाटलीची किंमत एक डॉलर, म्हणजे मजुराची जवळपास एका दिवसाची कमाई. १८७६ मध्ये डॅन न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनला गेला आणि दारोदार पत्रके वाटू लागला. त्याच्या डोक्यातून निघालेली एक युक्ती अशी : हाताने लिहिल्यासारखी दिसणारी चिठ्ठी बागेत, दफनभूमीत टाकून द्यायची. कोण्या मेरीने आपल्या मावसबहिणीला हे औषध घ्यायला सांगितले आहे आणि ती चिठ्ठी चुकून पडली आहे, असे वाचणाऱ्याला वाटावे. त्याच सुमारास विलने हाती आलेल्या पैशांतले ६० डॉलर बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात पहिल्या पानावरच्या जाहिरातीवर उधळले. घरात बोलणी बसली असतील, पण दोन दिवसांत मागणी आली.

१८७९ मध्ये बाटलीवर आईचे चित्र छापायचे ठरले आणि सारे पालटले. त्यापूर्वीची औषधे डॉक्टरांच्या, सेनापतींच्या नाहीतर रेड इंडियन वैद्यांच्या नावाने विकली जात. येथे एक आजी समोर बसली होती, आणि जाहिरातीत स्त्रियांना सांगितले होते की, या आजीला पत्र लिहा. पत्रे येऊ लागली. जे नवऱ्याला सांगता येत नाही, डॉक्टरला सांगवत नाही, ते कागदावर उतरू लागले. लिडियाबाई उत्तरे लिहीत. औषध घ्या हे तर त्यांत असेच, पण शिवाय अन्न साधे ठेवा, आतड्यांकडे लक्ष द्या, मोकळ्या हवेत चाला, स्वच्छता राखा, असेही असे. पाळी म्हणजे काय, गर्भ कसा राहतो, पाळी जाताना शरीरात काय घडते, हे सांगणाऱ्या पुस्तिका कंपनीने मोफत वाटल्या. १८७३ पासून अमेरिकेत संततिनियमनाविषयीची माहिती टपालाने पाठवणे हा गुन्हा ठरला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या पुस्तिकांचे मोल कळते. आपल्याकडे र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ मध्ये निघाले आणि त्यासाठी त्यांना न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. पिंकहॅम पुस्तिका तितक्या धीट मुळीच नव्हत्या, पण पुष्कळ मुलींनी आपल्या शरीराविषयीची पहिली छापील ओळ त्यांतच वाचली असणार.

आता दुसरी बाजू. जाहिरातीत असे लिहिले जाई की, या औषधाने खाली उतरलेले गर्भाशय जागेवर येते आणि गर्भाशयातील गाठी विरघळतात. कोणत्याही काढ्याने असे होत नाही. स्नायू आणि बंध सैल पडून अंग बाहेर येते, ते मुळ्यांच्या रसाने वर कसे जाईल? लिडियाबाईंना हे ठाऊक नसेल, त्यांचा आपल्या औषधावर मनापासून विश्वास होता असे मला वाटते. परंतु गाठीने ग्रासलेली एखादी स्त्री या शब्दांवर विसंबून वर्षभर थांबली असेल, तर तिला त्या विश्वासाचा काय उपयोग?

मद्यार्काचा प्रश्नही चमत्कारिक. दारूबंदीचा पुरस्कार करणाऱ्या या बाईंच्या औषधात १८ टक्के मद्यार्क होता, म्हणजे साध्या द्राक्षासवाहूनही जास्त. मुळ्यांतील अंश उतरावा आणि औषध टिकावे म्हणून तो घातला, हे कंपनीचे म्हणणे होते आणि ते खोटे नव्हते. आपल्या अशोकारिष्टातही आंबवण्याच्या क्रियेने मद्यार्क तयार होतो, पण तो पुष्कळ कमी. चमचाभर औषधाने झिंग येत नाही, एवढे मान्य. तरी थकल्याभागल्या बाईला दुपारी जरा बरे वाटे, त्यातला किती वाटा मुळ्यांचा आणि किती मद्यार्काचा, हे कोण सांगणार!

धंदा भरभराटीला आला आणि घरावर घाला पडला. १८८१ च्या अखेरीस अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने डॅन आणि विल हे दोघेही क्षयाने गेले. आईच्या हातांनी हजारोंना औषध दिले होते, पण या रोगापुढे ते हात रिकामे होते. त्यानंतर लिडियाबाई फार काळ जगल्या नाहीत. १७ मे १८८३ रोजी पक्षाघाताच्या विकाराने त्या वारल्या. वय ६४.

याच्या तीन आठवड्यांच्या आतच, ४ जून १८८३ रोजी, न्यूयॉर्कच्या धक्क्यावर अठरा वर्षांची एक मराठी मुलगी उतरली. आनंदीबाई जोशी यांचा आणि लिडियाबाईंचा काही संबंध नव्हता, पण ज्या अडचणीतून एकीचा काढा जन्मला त्याच अडचणीतून दुसरीचा प्रवास जन्मला : स्त्रीने आपले दुखणे सांगावे कोणाला? आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाच्या त्याच स्त्रियांच्या महाविद्यालयात शिक्षण घेतले आणि १८८६ मध्ये पदवीसाठी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय होता प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. जुने ज्ञान टाकून न देता ते नव्या शास्त्राच्या परीक्षकांपुढे ठेवायचे, हा तो मार्ग. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयानेच त्यांचाही अंत झाला. हा मार्ग पुढे गेला असता तर, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

लिडियाबाई गेल्या, पण बाटलीवरच्या आजी गेल्या नाहीत. पिंकहॅमबाईंना लिहा, ही जाहिरात तशीच चालू राहिली. पत्रे येत राहिली आणि कचेरीतल्या मुली ठरावीक मजकुराची उत्तरे धाडीत राहिल्या. १९०५ मध्ये एका प्रसिद्ध स्त्रीमासिकाने लिनच्या दफनभूमीतील लिडियाबाईंच्या थडग्याचे छायाचित्र छापले. थडग्यावर मृत्यूचे साल स्वच्छ कोरलेले. ज्या आजीला लोक मन उघडे करून लिहीत होते ती बावीस वर्षांपूर्वीच मातीआड झाली होती. कंपनीने खुलासा केला की पत्रांना उत्तरे देणाऱ्या पिंकहॅमबाई म्हणजे त्यांच्या सूनबाई. कायद्याच्या चौकटीत कदाचित हे बसत असेल. मला मात्र काढ्यातील मद्यार्कापेक्षा आणि जाहिरातीतील अतिशयोक्तीपेक्षा हीच गोष्ट अधिक बोचते. त्या औषधात निःसंशय गुणकारी असे जर काही असेल तर ते ऐकून घेणे होते, आणि नेमके तेच नकली निघाले.

पुढच्याच वर्षी, १९०६ मध्ये, अमेरिकेत अन्न व औषधे शुद्ध असण्याविषयीचा कायदा झाला. मद्यार्काचे प्रमाण बाटलीवर छापावे लागले आणि रोगांची लांबलचक यादी आखडली. तरी खप आटला नाही. १९२५ साली कंपनीची विक्री सुमारे ३८ लाख डॉलरवर गेली होती.

योगायोग असा की, ‘हार्मोन’ हा शब्दही १९०५ मध्येच इंग्लंडात स्टार्लिंग यांनी रूढ केला. बीजकोशातील स्त्रीसंप्रेरक शुद्ध रूपात हाती आले ते १९२९ मध्ये. म्हणजे लिडियाबाई ज्या गोष्टीवर उपचार करीत होत्या तिचे नावही त्यांच्या हयातीत जन्मले नव्हते. मेथीची गोष्ट आणखी मौजेची आहे. मेथीत डायोस्जेनिन नावाचे द्रव्य असते. रसेल मार्कर या रसायनशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात मेक्सिकोतील रानकंदापासून हेच द्रव्य घेऊन प्रयोगशाळेत प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक बनवले आणि पुढे गर्भनिरोधक गोळ्यांचा रस्ता खुला झाला. म्हणून मेथी खाल्ली की संप्रेरक वाढते, असे कोणी छातीठोकपणे सांगू लागला तर त्याला थांबवावे. जे रूपांतर प्रयोगशाळेत होते ते आपल्या पोटात होत नाही.

ब्लॅक कोहॉशचा निकालही धड लागलेला नाही. २००२ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात, पाळी गेलेल्या स्त्रियांना संप्रेरकांच्या एकत्रित गोळ्या दिल्याने काही धोके वाढतात असे दिसले आणि पुष्कळ जणी पुन्हा मुळ्यांकडे वळल्या. २०१२ मध्ये कॉक्रेन संस्थेने १६ चाचण्यांचा आढावा घेतला. पाळी जातानाच्या गरम लाटांवर ब्लॅक कोहॉशचा उपयोग होतो असे म्हणण्यास किंवा होत नाही असे म्हणण्यास त्यांत पुरेसा पुरावा मिळाला नाही. यकृताला इजा झाल्याची तुरळक उदाहरणे मात्र नोंदली गेली आहेत. लाइफ रूटमध्ये तर यकृताला घातक असे अल्कलॉइड असतात, हे आता पक्के ठाऊक आहे. झाडापाल्याचे म्हणून निरुपद्रवी, हे समीकरण तेथेच तुटते.

हे सारे मी इतक्या आस्थेने लिहिते आहे त्याला एक घरचे कारण आहे. माझ्या एका मावशीला पन्नाशी उलटून पाळी थांबल्यावर दोन वर्षांनी पुन्हा अंगावरून जाऊ लागले. तिने कोणाला सांगितले नाही. कपाटात साड्यांच्या मागे अरिष्टाच्या बाटल्या ठेवी आणि दिवसातून दोनदा घेई. चौदा महिने गेले. पाळी पूर्ण थांबल्यावर पुन्हा रक्त दिसले तर ते एकदाच आणि थेंबभर दिसले तरी तपासणी करून घ्यावी लागते, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. गाठीचे निदान झाले तेव्हा उशीर झाला होता. मी त्या बाटलीला दोष देत नाही. त्या बाटलीजवळ लाज नव्हती, रांग नव्हती आणि उलट प्रश्न नव्हते, म्हणूनच मावशी तिच्याकडे गेली. आपल्या वर्गांत बसणाऱ्या किती मुली पाळीच्या दिवसांत पोट दाबून, गोळी गिळून गप्प बसतात, हे मी रोज पाहते. त्यांच्यापैकी काहींना तपासणीची गरज असते, काहींना निव्वळ विसाव्याची. पण कोणाला कशाची, हे विचारल्यावाचून कळणार कसे?

लिडियाबाईंची मुलगी ॲरोलीन हिने १९२२ मध्ये सेलम गावी आईच्या नावाने माता आणि बालकांसाठी एक दवाखाना उघडला. तेथे तपासणीला खऱ्या डॉक्टर आणि परिचारिका होत्या. कंपनी १९६८ मध्ये विकली गेली आणि लिनचा कारखाना १९७३ मध्ये बंद पडला. जमाखर्चाच्या वह्या, जाहिरातींची कात्रणे, पत्रव्यवहार असे कंपनीचे दप्तर हार्वर्ड विद्यापीठाच्या श्लेसिंगर ग्रंथालयात ठेवले आहे. त्याच दप्तरात ती जुनी वही आहे, धंदा सुरू होण्यापूर्वीची, शेजारणींना फुकट दिलेल्या उपायांची, लिडियाबाईंच्या स्वतःच्या अक्षरातली.